गणपती झाल्यावर बघू

माझा धंदा नेमका काय, हे मी आजवर एकाही नातेवाइकाला पटवून सांगू शकलेले नाही. आईला वाटतं मी लोकांच्या घरी इंटरनेट लावते. कराडच्या मामाला वाटतं मी कॉम्प्युटर दुरुस्त करते. एका दिवाळीला त्यानं त्याचा मेलेला प्रिंटर माझ्या गळ्यात मारला, तो अजून माझ्याकडेच आहे. खरी गोष्ट इतकीच, की मी एका मोठ्या कंपनीकडून सर्व्हरवरची जागा घाऊक घेते आणि तिचे तुकडे करून छोट्या धंदेवाल्यांना देते. त्यांच्या वेबसाइट सांभाळते, ईमेलचे पत्ते उघडून देते, आणि ते पासवर्ड विसरले की शिव्याही मीच खाते. याला होस्टिंग म्हणतात. आमच्या घरी याला 'काहीतरी ऑनलाइन' म्हणतात.

ऑफिस जुईनगरला. स्टेशनातून बाहेर पडलं की आधी सगळं सरळ रेषेत असतं, सेक्टर, प्लॉट, गाळा नंबर. मग एका वळणावर रस्ता वाकडा होतो, गल्ली अरुंद होते आणि जुनं गाव सुरू होतं. तिथं काकूंची चार मजली बिल्डिंग आहे. पहिल्या मजल्यावरची पुढची खोली माझं ऑफिस, मागची माझं घर. दहा वर्षांपूर्वी अकरा महिन्यांच्या अ‍ॅग्रीमेंटवर आले होते. तेव्हापासून दर अकरा महिन्यांनी आम्ही दोघी तोच कागद नव्यानं करतो आणि दर वेळी काकू विचारतात, "बाय, लग्नाचं काय?" मी म्हणते, ते अ‍ॅग्रीमेंटमध्ये नाही.

काकू म्हणजे माझ्या घरमालकीण. साठीच्या, मॅक्सीवर ओढणी, हातात चार पाटल्या आणि आवाज तिसऱ्या गल्लीपर्यंत जाणारा. त्यांच्या सासऱ्यांच्या वेळी इथं भातशेती होती. आता जमिनीच्या जागी भाडेकरू आहेत. पण काकूंना नुसतं भाडं खाऊन बसणं जमत नाही. त्या मसाला विकतात आणि सुकं म्हावरं विकतात. सुकट, बोंबील, जवळा. त्या धंद्याची वेबसाइट मी बनवली आणि सांभाळते. बदल्यात काकू मला पाण्याच्या टाकीवरून बोलत नाहीत.

धंदा मुळात दोघींचा होता. समोर, चार पावलांची गल्ली ओलांडली की काकूंच्या धाकट्या जावेचं घर. सगळी गल्ली तिला धाकटी म्हणते, मीही मनातल्या मनात तेच म्हणते. उन्हाळ्यात दोघी गच्चीवर मिरच्या वाळवायच्या, भाजायच्या, आणि दिवसभर खोकत एकमेकींना नावं ठेवायच्या. धाकटीचं माहेर मोऱ्याचं, जेट्टीजवळचं. सुकं म्हावरं तिच्या भावाकडून यायचं. मग तीन वर्षांपूर्वी भांडण झालं. कारण म्हणे मसाल्यात धने जास्त पडले. एवढ्यावरून दोन बायका बोलायच्या थांबल्या, म्हावरं दुसरीकडून यायला लागलं, आणि काकूंनी धाकटीला फोनवर ब्लॉक केलं. ब्लॉक कसं करायचं ते त्यांनी माझ्याकडूनच शिकून घेतलं होतं. दोघींचे नवरे सख्खे भाऊ, ते रोज सकाळी नाक्यावर एकत्र चहा प्यायचे आणि गल्लीत शिरताना मधे दहा पावलांचं अंतर ठेवायचे.

एकच गोष्ट तुटली नव्हती. गणपती. घराण्याचा गणपती एक, तो थोरल्या घरात, म्हणजे काकूंकडे बसायचा. त्या दिवसांत धाकटी सकाळीच इकडे यायची, भाकऱ्या भाजायची, गौरीसाठी काकूंबरोबर तेरडा आणायला जायची. दोघी एकमेकींशी बोलायच्या नाहीत, पण एकीनं हात पुढे केला की दुसरी पळी द्यायची. आणि त्याची सुरुवात नागपंचमीला व्हायची. त्या दिवशी दोघींनी मिळून घरचा लाकडी पाट पिवळ्या फडक्यात गुंडाळून गणपतीच्या कारखान्यात नेऊन द्यायचा. त्याच पाटावर मूर्ती घडते. सासूनं घालून दिलेली रीत होती ती, आणि सासूला कुणी ब्लॉक करू शकत नाही.

मी देवाधर्मातली नाही. माझ्या घरात एक कॅलेंडर आहे, त्यावर महिन्यागणिक देव बदलतात, तेवढं मला पुरतं. त्यामुळे हे सगळं मी खिडकीतून बघायचे आणि करमणूक म्हणून सोडून द्यायचे.

आता श्रावण. श्रावणात काकूंचा धंदा बंद. म्हावऱ्याच्या डब्यांवर चादर पडते, घर धुऊन निघतं, आणि काकू इतक्या सात्त्विक होतात की आजूबाजूच्यांना भीती वाटायला लागते. पण गिऱ्हाइकांना श्रावण नाही. विशेषतः सीवूड्सच्या टॉवरमधल्या गिऱ्हाइकांना. त्यांचे मेल चालूच. दोन वर्षांपूर्वीच्या एका श्रावणी सोमवारी काकूंनी उपवासाची खिचडी खाता खाता मेल उघडला आणि त्यात कुणी तरी बोंबलाबद्दल तपशिलात लिहिलं होतं. काकू तडक वर आल्या.

"बाय, श्रावनात मना म्हावऱ्याचा मेल येता कामा नये. वाचला तरी बाटल्यासारखं वाटतं."

मी म्हटलं, सोपं आहे. श्रावण लागला की आलेल्या प्रत्येकाला आपोआप उत्तर जाईल आणि त्याचा मेल परस्पर कचऱ्यात जाईल. तुमच्या डोळ्यांसमोर येणारच नाही. काकू खूश झाल्या. उत्तर काय लिहायचं, विचारलं. त्यांनी खुर्चीत बसून सांगितलं, मी शुद्ध करून टंकलं:

'श्रावण चालू आहे. आता काही बोलायचं नाही. गणपती झाल्यावर बघू.'

खाली काकूंचं नाव. असल्या उत्तरांत खाली 'हा संदेश स्वयंचलित आहे' अशी ओळ टाकायची पद्धत असते. मी ती टाकली नाही. मला वाटलं, मजा जाईल. तीन वाक्यांत काकू हुबेहूब उतरल्या होत्या, आणि मी त्या मजकुरावर इतकी लट्टू होते की चार जणांना तो वाचून दाखवला. एका माणसाला दिवसातून एकदाच उत्तर जावं, अशीही सोय होती. काकूंचे पत्ते तीन: एक मसाल्याचा, एक म्हावऱ्याचा, एक नुसत्या चौकशीचा. तिन्हींवर हे पुढच्या वर्षांच्या श्रावणाच्याही तारखा घालून बसवलं आणि विसरून गेले.

गेल्या वर्षी, गणपतीला सहा दिवस राहिले असताना, काकू सकाळी वर आल्या. त्या आल्या की आधी जिना कळवतो. हातात फोन, फोनवर माझ्या होस्टिंगचं पॅनेल, म्हणजे मेलच्या सगळ्या कळा फिरवायचं पान, उघडलेलं. त्याचा पासवर्ड मी त्यांना दिला होता. ही माझी आणखी एक चूक, पण यादी मोठी आहे.

"माझ्या नावावर कोन उत्तरं देतंय?"

"काकू, तुम्हीच. आपण बसवलं ना ते."

"ती तीन व्हती. आता सहा हायेत. व्याली का काय?"

बघितलं तर खरंच. आपोआप जाणाऱ्या उत्तरांच्या यादीत तीनच्या जागी सहा ओळी. काकूंचे तीन पत्ते, आणि त्यांच्याखाली पुन्हा तेच तीन पत्ते, पण शेवटी टिंब देऊन 'लॉग' लिहिलेलं. मी आजवर या यादीत असलं काही पाहिलं नव्हतं. थोड्याच दिवसांपूर्वी त्या मोठ्या कंपनीनं आमचा सर्व्हर नव्या पॅनेलवर हलवला होता, म्हणजे गोंधळ तिकडचा असणार. त्यांच्या मदतकेंद्राला मेल टाकला. लगेच उत्तर आलं: आपला मेल मिळाला आहे, आम्ही लवकरच संपर्क करू. ते उत्तर कुणी दिलं, हे मला या जगात सगळ्यात चांगलं ठाऊक आहे.

"ह्यो तिचाच उद्योग," काकू म्हणाल्या. ती म्हणजे समोरची. "माझ्या नावानं लोकांना काय बाय सांगते. तू मेल लिवत व्हतीस तवा एक तं मी उडवलाय. आता दुसरा उडवते."

त्यांचा अंगठा कचरापेटीच्या चित्रावर होता. मी फोन जवळजवळ हिसकावलाच.

मग माझ्या कॉम्प्युटरवर त्या फायली उघडल्या आणि मलाच हसू आलं. भूत नव्हतं, हॅकर नव्हता. उत्तर पाठवणारा प्रोग्राम वही ठेवत होता: कुणाला, कोणत्या दिवशी, किती वाजता उत्तर दिलं. दिवसातून एकदाच उत्तर द्यायचं तर कुणाला दिलंय हे कुठं तरी लिहून ठेवायला हवंच. जुन्या पॅनेलमध्ये ती वही झाकलेली असायची, नव्यात उघडी पडली आणि स्वतःच उत्तर असल्यासारखी यादीत येऊन बसली. मी काकूंना सांगितलं, काही नाही, नुसत्या नोंदी आहेत, दुर्लक्ष करा.

"नोंदी कनाच्या?"

"श्रावणात तुम्हाला कोणी कोणी मेल पाठवला त्यांच्या."

"दाखव."

दाखवल्या. म्हावऱ्याची वही काकूंनी उडवली होती, मसाल्याची आणि चौकशीची शिल्लक होती. काकू चष्मा लावून बसल्या आणि एकेकाचा उद्धार सुरू झाला. सीवूड्सच्या एका साहेबांनी मसाल्यासाठी अकरा वेगवेगळ्या दिवशी लिहिलं होतं आणि अकराही वेळा काकूंचं तेच उत्तर खाल्लं होतं. "ह्याला बायको जेवाय घालत नाय काय," काकू म्हणाल्या. आम्ही दोघी हसत होतो. मग चौकशीची वही उघडली, आणि काकूंचं बोट एका ओळीवर थांबलं.

तो पत्ता धाकटीचा होता. मीच उघडून दिलेला, दोघींचा धंदा एकत्र होता तेव्हाचा. एकदा नाही, तीनदा. श्रावणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. नागपंचमीच्या संध्याकाळी. आणि नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी. तिन्ही वेळा समोर शिक्का: उत्तर पाठवलं.

काकूंनी चष्मा काढून हातात घेतला. नऊ वर्षांत काकू गप्प बसलेल्या मी तेव्हा पहिल्यांदा पाहिल्या.

मला नागपंचमीची सकाळ आठवली. काकू पिवळ्या फडक्यातला पाट छातीशी धरून दारात उभ्या होत्या. दहा वाजता उभ्या होत्या, बारा वाजता उभ्या होत्या. मी खिडकीतून बघून समजले होते, रिक्षाची वाट बघतायत. त्या समोरच्या बंद दाराकडे बघत होत्या. धाकटी आली नाही. शेवटी काकू नवऱ्याला घेऊन गेल्या. मग नारळी पौर्णिमेनंतर गल्लीत बातमी आली, की धाकटीनं नवा पाट करून घेतला आणि कारखान्यात वेगळा नेऊन दिला. यंदा तिचा गणपती तिच्या घरी. घराण्यात पहिल्यांदा गणपतीची वाटणी. काकूंनी त्या दिवशी जेवण टाकलं होतं, आणि मला वाटलं होतं उपवास असेल.

"काय लिवलान तिनं?" काकूंनी विचारलं.

आता मला सांगावं लागलं. वहीत फक्त कोण आणि कधी. काय लिहिलं ते कचऱ्यात गेलं, कारण मीच तसं बसवलं होतं.

"काढ मंग कचऱ्यातना."

"निघत नाही काकू."

"तुझी ती मोठी कंपनी हाय ना, तिला सांग."

सांगितलं. रोजच्या बॅकअपमध्येही शोधलं. पण जो मेल पेटीत पडलाच नाही तो बॅकअपमध्ये कुठून येणार. तासाभरानं हात टेकले. आधी घाबरून एक काम मात्र केलं, कचऱ्यात टाकायची सूचना काढून टाकली. उत्तर जाणं तसंच चालू राहिलं. घोडं निघून गेल्यावर तबेल्याला कडी घालण्यात मी पटाईत आहे.

म्हटलं, काकू, तुम्ही समोर जा आणि विचारा. चार पावलं आहेत.

"मी थोरली. मी कशी पयली जाऊ?"

"मग तिला मेल करू?"

काकूंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी तो विषय पुन्हा काढला नाही. "तू लिवलंस, तू जा," त्या म्हणाल्या आणि माझ्याच खुर्चीत बसून राहिल्या.

गेले. मला जायचं नव्हतं. इतक्या वर्षांत मी गल्लीतल्या कुणाच्या भानगडीत पडले नव्हते आणि त्याचा मला अभिमान होता. धाकटी हॉलमध्ये नवी समई पुसत बसली होती. भिंतीला नव्या रंगाचा वास होता, कोपऱ्यात मखर अर्धं उभं होतं. तिनं मला बस म्हटलं नाही, पण चहा टाकला. चहा न विचारता भांडायची या गावात पद्धत नाही.

मी सगळं सांगितलं. श्रावणाचं उत्तर, आपोआप जाणारं, काकूंनी तिचा एकही मेल पाहिलेला नाही. तिनं ऐकून घेतलं आणि फोन माझ्यापुढे धरला. तिन्ही उत्तरं तिनं जपून ठेवली होती.

"हे काय? खाली तिचं नाव हाय. बोलनं तिचं हाय. आनि तू मना सांगतेस मशिन बोलली."

"तुम्ही काय विचारलं होतं?"

तिनं पाठ असल्यासारखं सांगितलं. पहिल्यांदा विचारलं, पंचमीला पाट न्यायला किती वाजता येव? उत्तर आलं, आता काही बोलायचं नाही. पंचमीला ती दिवसभर दार लावून आत बसली. संध्याकाळी लिहिलं, पाट नेलास आनि मना हाक पन मारली नायस. उत्तर तेच. मग पौर्णिमा झाल्यावर लिहिलं, मी येवू का नको यंदा, का माझा गनपती मी बसवू? आणि त्याला उत्तर आलं, गणपती झाल्यावर बघू.

मला हसू आलं. इतकं भयंकर आलं की चहा नाकात गेला. धाकटी माझ्याकडे बघत होती आणि तिचे डोळे भरले होते, तेव्हा मात्र माझं हसू जागीच मेलं. मला माझी लाज वाटली, अगदी उघड आणि पुरेपूर. ज्या तीन ओळी मी चार जणांना कौतुकानं वाचून दाखवल्या होत्या, त्या या बाईनं तीन वेळा एकटीनं वाचल्या होत्या.

"धन्यांवरनं एवढं?" मी काही तरी बोलायचं म्हणून बोलले.

"धने कुठले. फोटो." तिनं माझीच वेबसाइट उघडली. वर पट्टीभर फोटो, त्यात काकू हसतायत आणि त्यांच्या खांद्यावर हिरव्या बांगड्यांचा एक हात. नुसता हात. "मिरच्या मी भाजल्या. आनि माझा हातच ठेवलान."

फोटो मी कापला होता. मूळ फोटोत दोघी होत्या, पट्टी अरुंद होती, मावत नव्हत्या. काकूंनी तो कापायला सांगितला नव्हता. त्यांनी तर कापलेला नीट पाहिलाही नव्हता. म्हणजे दोन वर्षांचं भांडणही माझं आणि गणपतीची वाटणीही माझी. होस्टिंगमध्ये इतकी क्षमता आहे हे मला ठाऊक नव्हतं. तेही सांगितलं. ती विश्वास ठेवीना.

"ठीक आहे," मी म्हटलं. "काकू आत्ता माझ्या ऑफिसात बसल्यात, खिडकीतून दिसतायत. फोन त्यांच्या हातात नाही, माझ्याकडे आहे. त्यांना आत्ता मेल करा."

तिनं खिडकीतून पाहिलं. काकू दिसत होत्या, हात मांडीवर घेऊन बसलेल्या. मग धाकटी फोन घेऊन टाइप करायला लागली. एका बोटानं, बराच वेळ. पाठवला. पाच-सहा सेकंदांत तिच्या फोनवर उत्तर: श्रावण चालू आहे. समोर काकू नाक पुसत होत्या.

धाकटीनं उत्तर पाहिलं, काकूंकडे पाहिलं, आणि पुन्हा एक मेल पाठवला. काही आलं नाही. आणखी एक. काही नाही.

"आता का नाय बोलत?"

"एकदा बोलली की दिवसभर बोलत नाही. तिच्याकडे वही आहे. कुणाशी बोलले ते लिहून ठेवते."

"म्हंजे मी तीनदा बोलले ते मशिनीच्या ध्यानात हाय," ती म्हणाली. "तुझ्या काकूला मातुर पत्ता नाय."

तिनं पुन्हा समई घेतली. मी उठून आले.

ऑफिसात काकू तशाच बसल्या होत्या. मी त्यांचा फोन त्यांना दिला. पेटीत तीन नवे मेल होते. कचऱ्याची सूचना मी सकाळीच काढली होती ना. दोन रिकामे. पहिला काकूंनी चष्म्यातून पाहिला आणि माझ्या हातात दिला. "तू वाच."

मी वाचला. 'थोरले, मशिनीनं सांगलंन असंल तं माझं काय म्हन्नं नाय. तूच सांगलंस असशील तं नको येव. पन तेरडा आनायला मी एकटी जानार नाय.'

काकू उठल्या. ओढणी खुर्चीवरच राहिली. त्या जिना उतरल्या, गल्लीच्या बरोबर मध्यावर जाऊन थांबल्या, आणि तिसऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "ए, तेरडा कुठं फुललाय ते बगायला उंद्या जायचंय. लवकर ऊठ."

धाकटीच्या खिडकीतून आवाज आला, "तूच उठत नायस."

झालं एवढंच. मिठी नाही, रडणं नाही. संध्याकाळी दोघे भाऊ नाक्यावरून गल्लीत खांद्याला खांदा लावून आले आणि बावचळल्यासारखे दिसत होते. मी फोटोची पट्टी रुंद केली. दोघी मावल्या, आधीही मावल्या असत्या, मला आळस नडला होता.

मला वाटलं मी सुटले. दुसऱ्या दिवशी जिन्यावर चार पायांचा आवाज आला. दोघी समोर उभ्या राहिल्या. अडचण अशी होती, की कारखान्यात दोन पाट होते आणि दोन्हींवर मूर्ती तयार होत्या, डोळेसुद्धा लिहून झाले होते. घराण्याचा एकच बसणार. मग दुसऱ्याचं काय? पाटावर बसलेला देव कारखान्यात तसाच सोडत नाहीत.

"तू बसवायचा," काकू म्हणाल्या.

मी म्हटलं मी मानत नाही. म्हटलं माझ्याकडे ताम्हन नाही, समई नाही, मला आरती येत नाही, मी भाडेकरू आहे, अकरा महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट आहे.

"अ‍ॅग्रीमेंटमदी गनपती नको असं लिवलंय का?"

मी खरंच कागद काढून पाहिला. लिहिलेलं नव्हतं.

"समई मी देते," धाकटी म्हणाली. "नवीच हाय."

असा माझ्या ऑफिसात दीड दिवसाचा गणपती आला. मामाच्या मेलेल्या प्रिंटरवर चादर टाकून चौरंग केला. नवसाला पावला तो प्रिंटर. राउटरचे हिरवे दिवे आम्ही मुद्दाम काढले नाहीत, मुलं त्यालाच आरास समजली. सीवूड्सचे ते साहेब मसाला न्यायला आले होते, तेही पाया पडून गेले. आरतीला दोन्ही घरं वर आली, माझ्या खोलीत चौदा माणसं उभी होती. मी ओठ हलवत होते. धाकटीच्या लक्षात आलं, तिनं कोपरानं ढोसलं.

दुसऱ्या दिवशी तळ्यावर मूर्ती पाण्यात गेली तेव्हा मला रडू कोसळलं. देवासाठी नव्हे, उगाच खोटं कशाला बोलू. नऊ वर्षांत माझ्या खोलीत माणसं तक्रार घेऊनच आली होती, आणि काम झालं की गेली होती. पहिल्यांदाच कुणी राहायला आलं होतं, आणि ते जात होतं. काकूंनी पाहिलं. रिकामा पाट माझ्या हातात दिला, त्यावर तळ्याची मूठभर ओली माती होती. "घरी ने," म्हणाल्या. "आनि बाय, एकदा बसवला की दर वर्साला बसवायचा असतो."

हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं.

यंदा श्रावण लागायच्या आधी काकूंनी ते उत्तर बदलून घेतलं. पहिल्या तीन ओळी तशाच, त्याखाली आता असं जातं: 'हे यंत्र बोलतंय. घरच्या माणसांनी दार वाजवावं.' वह्या अजून यादीत दिसतात. मोठ्या कंपनीनं अद्याप लवकरच संपर्क केलेला नाही. काकू म्हणतात राहू दे, कोणाला काय सांगितलं ते दिसलेलं बरं.

नागपंचमीच्या सकाळी मी फोनवर होते. एक क्लायंट ओरडत होता, त्याला साइटवरचा लोगो दोन बोटं डावीकडे हवा होता आणि तो आत्ताच्या आत्ता हवा होता. खालून हाक आली. खिडकीतून पाहिलं तर गल्लीच्या मध्यावर दोघी, मधे पिवळ्या फडक्यातला पाट, एक कड एकीच्या हातात, दुसरी दुसरीच्या.

"बाय, तुझा पाट घे नि उतर. ऊन व्हायच्या आत जायचंय."

मी क्लायंटला म्हटलं, श्रावण चालू आहे, आता काही बोलायचं नाही, गणपती झाल्यावर बघू. आणि कपाटावरचा पाट काखेत घेऊन जिना उतरले.